धुरावर शिजवायला मांसाचा कोणता भाग घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाकणाची ग्रिल किंवा छोटा स्मोकर नव्याने घरी आणलेली मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांनी आधी अमेरिकन तक्ते वाचलेले असतात. ते तक्ते पाच-सहा किलोच्या ब्रिस्केटवर (गोवंशाच्या छातीचा तुकडा) आणि चार किलोच्या डुकराच्या खांद्यावर बेतलेले असतात. आपल्या खाटकाच्या हुकाला लटकलेला असतो दहा-बारा किलोचा बोकड. तेच वेळापत्रक त्याला लावलं की मांस सुकतं आणि माणूस नाद सोडून देतो. असं कुणाचं होऊ नये म्हणून बोकडावर इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

१. धुरावर शिजवणं म्हणजे निखाऱ्याची धुरी देतो तेच ना?

नाही. निखाऱ्यावर तूप सोडून झाकण लावतो ती धुरी पाच मिनिटांची असते. तिने वास लागतो, मांस शिजत नाही. तंदुरात किंवा शेगडीवर मांस कडक आचेवर थोडा वेळ भाजतं. स्मोकरमध्ये जाळ एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला असतं, आणि झाकणाखाली १०५ ते १२५ अंशांची धुरकट हवा कित्येक तास फिरत राहते. रायगडातली पोपटीही वेगळी. तिथे भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्याच्या आत सगळं वाफेवर शिजतं. मांसाच्या भागाची निवड या वेळावर ठरते. दहा मिनिटांच्या तंदूरला जो तुकडा उत्तम, तो पाच तासांच्या धुरात लाकूड होतो.

२. चांगला भाग ओळखायची सोपी खूण कोणती?

जनावराने ज्या स्नायूवर जास्त भार घेतला तो भाग घ्या. खांदा, मान, छाती, नळीभोवतीचं मांस. या स्नायूंत कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू, भरपूर असतं आणि म्हणूनच ते झटपट शिजवले तर चिवट लागतात. मांसाच्या आतलं तापमान ७० अंशांच्या पुढे गेलं की कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला लागतं आणि ९० ते ९५ पर्यंत पोचेतो मांस बोटाने सुटतं. पाया रस्सा खाताना ओठ एकमेकांना चिकटतात, ते हेच जिलेटिन. धुरावरच्या मांसाचा ओलसरपणा पाण्यापेक्षा यातून आणि चरबीतून येतो.

दुसरी खूण स्नायूच्या आत विणलेली चरबी, तिसरी जाडी. तीन बोटांपेक्षा पातळ तुकडा कोलॅजन विरघळायच्या आतच सुकून जातो.

३. पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कशाने करू?

कोंबडीच्या अख्ख्या तंगड्यांनी, म्हणजे मांडीसकट पाय. स्वस्त आहेत, दीड तासात होतात आणि थोडं जास्त शिजलं तरी बिघडत नाहीत. दोन-तीन वेळा तंगड्या करून आपल्या ग्रिलमधलं तापमान स्थिर ठेवायची सवय लागली की बोकडाचा पुढचा फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, घ्या. पहिल्याच रविवारी पाहुणे बोलावून अख्खी रान, म्हणजे बोकडाची मागची मांडी, चढवू नका.

४. मटणाचा, म्हणजे बोकडाचा, कोणता भाग सर्वांत चांगला?

माझं उत्तर ठाम आहे: पुढचा फरा, खांद्याच्या फळीसकट. मुंबईकडे काही दुकानांत याला दस्ती म्हणतात. मध्यम बोकडाचा फरा सव्वा ते दीड किलोचा भरतो. त्यात खांद्याचं रुंद हाड, त्याला लगडलेले छोटे छोटे स्नायू आणि त्यांच्या मधून जाणारे पांढरे पडदे असतात. रस्सा करताना या पडद्यांचा त्रास वाटतो, धुरात तेच कामाला येतात. ग्रिल १२० अंशांवर ठेवली तर पहिले अडीच-तीन तास उघडा, मग फॉइलमध्ये दोन चमचे पाणी किंवा तूप घालून घट्ट गुंडाळून आणखी दीड ते दोन तास. खांद्याची फळी हाताने ओढल्यावर कोरडी निघून आली की झालं.

त्याच्या खालोखाल मान. खाटीक ती नेहमी रश्श्यासाठी गोल चकत्या करून देतो, पण अख्खी मान धुरावर ठेवली तर मणक्यांच्या खाचांतलं मांस इतकं रसाळ होतं की मला ती फऱ्याइतकीच आवडते. मांस कमी निघतं, एवढीच तक्रार. चार माणसांना दोन माना लागतात.

सीना, म्हणजे छातीचा भाग, चरबीमुळे मोहात पाडतो. तो पातळ असतो, तरी चरबी आणि कूर्चा त्याला सांभाळून घेतात. अख्खा पट्टा घ्या, आतल्या बाजूचा पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलून कापडाने धरून ओढून काढा, आणि तीन ते साडेतीन तासांत उतरवा. चाप मात्र धुरात वाया घालवू नका. बोकडाच्या चापेवर मांस जेमतेम बोटभर असतं. ती कडक निखाऱ्यावर चार-पाच मिनिटं भाजून खाण्याची चीज आहे.

५. खाटकाला नेमकं काय सांगायचं? तो ऐकायच्या आत तुकडे करतो.

ही सगळ्यात खरी अडचण आहे. आपल्याकडे मटण म्हणजे रस्सा हे गृहीत असतं आणि सत्तूर चालायला लागला की थांबवणं कठीण. रविवारी सकाळी रांगेत उभं राहून हे जमत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा शनिवारी पहाटे जा आणि वजनाच्या आधी सांगा: "पुढचा फरा अख्खा पाहिजे, खांद्यापासून, तुकडे नको, नळी फोडू नका." नळीचं टोक ग्रिलमध्ये मावत नसेल तर गुडघ्याच्या सांध्यातून सुरीने सुटं करायला सांगा, सत्तुराने तोडायला नको. सत्तुराने हाडाचे कपचे उडतात आणि मांस सुटल्यावर ते दाताखाली येतात.

वरची पांढरी चरबी तशीच ठेवायला सांगा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला चांगलं द्यावं म्हणून खाटीक ती खरवडून काढतो. दोन-तीन वेळा गेलात की त्याला तुमचं काम कळतं. माझा खाटीक आता स्वतःच फोन करून सांगतो की आज बोकड भरलेला आहे.

६. रान का नको? पार्टीला तर रानच शोभते.

रान दिसायला देखणी आणि वजनाला भरपूर, दीड ते दोन किलो. पण मांडीचे स्नायू मोठे, सलग आणि कोरडे असतात, आणि आपल्या बोकडाच्या अंगात चरबी मुळात कमी. बाहेरून सुकते आणि आत हाडाजवळ चिवट राहते, असं रानीचं हमखास होतं.

करायचीच असेल तर दोन वाटा आहेत. पहिली: खाटकाकडून पोटातली जाळीदार चरबी मागून घ्या, तिने रान पूर्ण लपेटा आणि दोन तासांनी फॉइलमध्ये घाला. जाळी वितळत जाते आणि मांसाला वरून ओलसर ठेवते. दुसरी: दोन तास धूर द्या आणि मग झाकणबंद पातेल्यात कांदा-मसाल्याच्या थोड्या पाण्यावर मंद शिजवा. अस्सल धुरवाल्यांना ही दुसरी वाट पटत नाही. मला पटते, कारण पानात येतं ते मांस मऊ असतं.

७. बोकड घ्यावा की पाट, म्हणजे तरुण शेळी? आणि वयाचं काय?

बोकड, त्यातही खस्सी (खच्ची) केलेला असेल तर उत्तम. खस्सीच्या अंगावर चरबी चांगली धरते आणि उग्र वास कमी असतो. लोक कोवळ्या मटणासाठी धडपडतात. रश्श्याला ते ठीक आहे. धुरासाठी अगदी कोवळं पिल्लू नको, त्याच्या फऱ्यात मांसही नसतं आणि चरबीही नसते. फार म्हातारं जनावरही नको, त्याचं काय होतं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

८. मेंढीचं मटण चालेल का?

उत्तम चालेल. धुराच्या बाबतीत मी मेंढीला बोकडाच्या वर ठेवतो, कारण चरबी जास्त. पुणे जिल्ह्यात 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी दिसते तिथे मेंढीचं मटण मिळतं. वाडे बोल्हाईच्या देवीचे भक्त शेळी-बोकडाचं मांस खात नाहीत, म्हणून ही दुकानं वेगळी असतात. फरा आणि मान हेच भाग घ्या, रीत प्रश्न ४ मधलीच.

अमेरिकेत बार्बेक्यू म्हणजे गाय नाहीतर डुक्कर असं वाटतं, पण केंटकी राज्यातलं ओवेन्सबरो हे गाव मेंढीच्या बार्बेक्यूसाठीच ओळखलं जातं. लोकरीसाठी पाळलेल्या मेंढ्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांचं चिवट मांस तासन्‌तास धुरावर ठेवून मऊ करायची ती रीत. त्यावर आंबट, काळपट रस वारंवार शिंपडतात. मेंढीच्या चरबीचा वास ज्यांना जड वाटतो त्यांनी ही आंबटाची युक्ती उचलावी. मी कोकमाचं आगळ पाण्यात सैल करून मीठ-मिरी घालून दर तासाला शिंपडतो.

९. आजच कापलेलं मटण आजच चढवू का?

शक्यतो नको. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि ते सैल पडायला वेळ लागतो. सकाळचं मटण दुपारी धुरावर ठेवलं तर तास वाढतात आणि तरीही एक प्रकारची ताठरता राहते. मीठ लावून, झाकण न घालता, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत रात्रभर ठेवा. मीठ आतपर्यंत मुरतं आणि वरचा भाग कोरडा होऊन त्याला रंग छान चढतो. घरी मटण उघडं ठेवायला विरोध असेल तर मलमलीचं फडकं टाका.

१०. पोर्कमध्ये काय घ्यावं?

धुरासाठी डुकराइतकं सोपं जनावर नाही. खांद्याचा वरचा भाग, मानेलगतचा, दोन किलोच्या वरचा सलग तुकडा मागा. आतली चरबी आणि कोलॅजन दोन्ही इतकं आहे की नवशिक्याचा हातही चुकत नाही. ११० ते १२० अंशांवर दर किलोला साधारण तीन तास धरा आणि आत ९३ अंश होईपर्यंत थांबा. बरगड्या घेताना हाडं दिसतील इतक्या खरवडलेल्या नकोत. आतला पापुद्रा काढायची रीत सीन्यासारखीच. पोटाचा पट्टा घ्यायचा तर कातडी काढून घ्या, मंद धुरात ती रबरासारखी होते. पाठीचा चरबीविरहित तुकडा टाळा.

वसई, वांद्रे, गोवा इथे ओळखीचा विक्रेता मिळणं सोपं जातं. इतरत्र तपासणी झालेलं, थंड साखळीतून आलेलंच मांस घ्या. पट्टकृमीची भीती अनेक जण विचारतात. आत ९० अंशांपर्यंत शिजलेल्या मांसात कृमी जिवंत राहत नाही, पण कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी कोशिंबिरीला वापरू नका.

११. नागालँडचं स्मोक्ड पोर्क मिळतं, ते हेच का?

नाव सारखं, काम वेगळं. ते चुलीवर टांगून दिवसेंदिवस धुरात सुकवलेलं, टिकवलेलं मांस. ते पुन्हा शिजवूनच खायचं असतं. त्यासाठी पोटाचा चरबीदार पट्टा वापरतात. आपण इथे बोलतोय ते त्याच दिवशी शिजून खायच्या मांसाबद्दल. टिकवण्याबद्दल प्रश्न १५ वाचा.

१२. ब्रिस्केट इथे मिळेल का?

ब्रिस्केट म्हणजे गोवंशाच्या छातीचा स्नायू. या जनावरांना गळ्याचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या धडाचा भार छातीच्या स्नायूंवर येतो आणि तिथे कोलॅजन साठतं. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या मांसाच्या दुकानांतून धुरावरच्या मांसाची जी परंपरा वाढली, तिची आजची खूण हा तुकडा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे कायदेशीर मिळतं ते म्हैसवर्गीय मांस.

रेड्याच्या छातीचा तुकडा घेऊन पाहिला आहे. स्नायूत चरबी फार कमी आणि जनावर बहुधा वयस्क, म्हणून टेक्साससारखा तो होत नाही. चांगला करायचा असेल तर दोन-तीन किलोचा, वर चरबीचा थर असलेला तुकडा मागा आणि ६५ अंशांनाच गुंडाळा. त्याच जनावराच्या मांसल बरगड्या मला जास्त खात्रीच्या वाटतात.

अमेरिकेतले वाचक विचारतात त्यांच्यासाठी: दोन्ही स्नायू असलेला अख्खा तुकडा घ्या, सपाट बाजूचं टोक किमान दोन बोटं जाड हवं, आणि तो उचलल्यावर मध्ये सहज वाकला पाहिजे. 'सिलेक्ट'पेक्षा 'चॉइस' किंवा 'प्राइम' दर्जाला थोडे जास्त पैसे द्या. वरची चरबी पाव इंच ठेवून बाकीची उतरवा.

१३. चिकन गावरान घ्यावं की ब्रॉयलर?

ब्रॉयलर. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण रश्श्याला गावरानसारखी चव नाही. पण गावरान कोंबडी सडपातळ आणि कसलेली, तिला पाणी आणि वेळ लागतो. कोरड्या धुरात ती आवळते.

तंगडी ब्रेस्टपेक्षा केव्हाही सरस. ब्रेस्ट आत ७४ अंशांना पोचताच उतरवावं लागतं, तंगडी ८० ते ८५ ला जास्त मऊ होते. कातडीसकट घ्या आणि ग्रिल १५० अंशांच्या आसपास ठेवा. ११० वर कातडी चामड्यासारखी राहते. अख्खी कोंबडी करायची असेल तर पाठीचा कणा कापून ती सपाट पसरवा.

१४. मासे?

चरबीचे मासे धूर धरतात. पावसाळ्यानंतरचा भरलेला बांगडा हा माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरचा धुरासाठीचा सर्वोत्तम मासा आहे. रावसाचा जाड तुकडाही छान होतो. सुरमई लवकर कोरडी पडते, पापलेटची नाजूक चव धुराखाली दबते, आणि ओल्या बोंबलात पाणीच इतकं की नाद करू नका. बांगडा साफ करून अर्धा तास मिठाच्या पाण्यात, मग पंख्याखाली वरून चिकटसर होईपर्यंत, मग ९० ते १०० अंशांच्या धुरात पाऊण ते एक तास. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येणारा बांगडा बहुधा बर्फातला असतो. या कामाला तो मऊ पडतो.

१५. घरी बेकन किंवा हॅम करायचंय. गार धूर कसा देऊ?

आपल्या हवेत घरी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. गार धुरात मांस शिजत नाही, आणि ४ ते ६० अंश हा जिवाणू वाढण्याचा पट्टा आहे. बाहेर ३२ अंश असताना मांस तासन्‌तास त्याच पट्ट्यात राहतं. धुराची पेटी हवाबंदासारखी असेल तर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचाही धोका असतो, म्हणून व्यावसायिक लोक मोजून नायट्राइटचं मीठ वापरतात. त्याचं प्रमाण चुकलं तर तेही विषारी. बेकनची चव हवी असेल तर पोटाचा पट्टा दोन दिवस मीठ-गुळात फ्रिजमध्ये मुरवून ११० अंशांच्या गरम धुरात आत ७० अंशांपर्यंत शिजवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

१६. दही आणि कच्ची पपई लावून फरा ठेवला, वरून पिठासारखा झाला. का?

पपईतलं पपेन हे मांस मऊ करणारं द्रव्य ६०-७० अंशांना सगळ्यात जोमाने काम करतं. तंदुरात मांस तो टप्पा काही मिनिटांत ओलांडतं, धुरात तास-दोन तास त्यातच राहतं. तेवढ्या वेळात वरचा थर विरघळून लगदा होतो. प्रश्न २ मधले भाग घेतले असतील तर पपईची गरजच नाही. मीठ, मिरी, लसूण, थोडा कांदा-लसूण मसाला पुरतो. दही पातळ लावलं तर चालतं, पण ते धूर आतपर्यंत लागू देत नाही.

१७. थर्मामीटर ९३ दाखवतोय, तरी मांस चिवट. भाग चुकीचा निघाला का?

बहुतेक वेळा जनावर वयस्क होतं. वयाबरोबर कोलॅजनचे दुवे घट्ट होतात आणि त्याच तापमानाला जास्त वेळ लागतो. आकड्यावर थांबू नका. लोखंडी सळई किंवा दाभण मांसात घालून बघा. मऊ लोण्यात जावी तशी गेली तर झालं, अडली तर गुंडाळूनच आणखी पाऊण तास. तरीही अडली तर कुकरमध्ये दोन शिट्ट्या करा, धुराची चव राहते.

याच्या उलट तक्रार येते की ६८-७० वर काटा तासभर हलतच नाही. मांसातून उडणारी वाफ त्याला गार ठेवते म्हणून तसं होतं. मोठ्या पोर्कच्या तुकड्यात हे हमखास दिसतं, बोकडाच्या छोट्या फऱ्यात क्वचितच. फॉइलमध्ये गुंडाळलं की काटा चढायला लागतो.

१८. शिजल्यावरही कडेने गुलाबी आहे. कच्चं आहे का?

आतलं तापमान वर दिलंय तेवढं झालं असेल तर कच्चं नाही. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी जुळून तो गुलाबी कडा तयार होतो. मेंढी-रेड्यात तो ठळक, चिकनमध्ये फिका. चिकन हाडाशी गुलाबी दिसलं तर मात्र थर्मामीटर लावूनच ठरवा.

१९. किती मांस आणू?

हाडासकट फऱ्यातून खाण्याजोगं मांस सुमारे निम्मं हाती येतं, मानेतून त्याहून कमी. भाकरीबरोबर वाढणार असाल तर माणशी साडेतीनशे-चारशे ग्रॅम कच्चं धरा. बिनहाडाचं पोर्क माणशी अडीचशे ग्रॅम पुरतं.

२०. लाकूड कोणतं? त्यावर भाग बदलतो का?

थोडासा. वर्षभर वाळलेलं आंब्याचं किंवा पेरूचं लाकूड कशालाही चालतं. चिकन आणि माशाला पेरू, फऱ्याला आणि पोर्कला आंबा किंवा जांभूळ अशी माझी सवय आहे. चीड, देवदार यांसारखी राळेची लाकडं, रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड नको. कडुनिंबाने मांस कडवट होतं. कण्हेर विषारी आहे, बागेतली छाटणी जाळताना तिची काडीही त्यात नाही ना, हे बघून घ्या.